स्किलचे नियम आणि गिल्डमधली माणसं : पुढचा गेम ठरवण्याआधी थोडं बोलूया

अनगोळकर

पुढचा ऑनलाइन गेम कोणता घ्यायचा यावर आपल्या बेळगावच्या गिल्डच्या (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाच्या) ग्रुपवर बरीच चर्चा झाली. पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) किती येतो, मोबाइलवर चालतो का, पैसे किती लागतात, सगळं बोलून झालं. स्किल सिस्टीमबद्दल (पात्राची कौशल्यं वाढायच्या नियमांबद्दल) मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणून हा वेगळा धागा. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा. स्किल कशी वाढते, कुठे थांबते आणि एकदा निवडलेली बदलता येते का, एवढ्यावरून तिथली माणसं एकमेकांशी कशी वागणार हे बरंचसं ठरून जातं.

दोन जुने गेम घेतो. अल्टिमा ऑनलाइन सप्टेंबर १९९७ मध्ये आला. त्यात क्लास (पात्राचा ठरलेला पेशा) नाही, लेव्हल (पात्राची एकूण पातळी) नाही. तलवार चालवली की तलवारीचं स्किल वाढतं, खाणीत कुदळ मारली की खाणकामाचं. सुरुवातीच्या नियमांत एक स्किल १०० पर्यंत जायचं, पण सगळी मिळून ७०० च्या वर जाता येत नसे. तिथला समाज घडवला तो या ७०० ने. सात स्किल पूर्ण करा, आठवं हवं असेल तर आधीच्यातलं काहीतरी सोडा. म्हणून लोहार हा खरोखर लोहार असायचा. शंभराला पोचलेला ग्रँडमास्टर, आणि त्याने घडवलेल्या वस्तूवर त्याचं नाव उमटायचं. चिलखत दुरुस्त करायचं तर गेममधल्या ब्रिटन नावाच्या शहरातल्या भट्टीपाशी जाऊन ते अनोळखी माणसाच्या हातात द्यावं लागे. काही जण घेऊन पसार होत. त्यामुळेच जो प्रामाणिकपणे परत देई त्याचं नाव सर्व्हरभर होई. हे नाव गेमने दिलेलं नाही, लोकांनी दिलेलं आहे.

दीड वर्षाने, मार्च १९९९ मध्ये, एव्हरक्वेस्ट आला. त्यात सगळं उलट. क्लास पहिल्याच दिवशी निवडायचा आणि तो कायमचा. वॉरियर मार झेलतो, क्लेरिक बरं करतो, एन्चँटर शत्रूंना गुंगवून ठेवतो. बहुतेक क्लासना एकट्याने फार पुढे जाताच येत नाही. मेलात तर अनुभवाचे गुण जातात आणि त्या काळी सामान प्रेतापाशी पडून राहायचं. वरच्या लेव्हलच्या क्लेरिकने उठवलं तर गेलेले गुण बरेचसे परत मिळतात. आता विचार करा, पार्टीत (सोबतच्या टोळीत) भांडणं लावणाऱ्याला उठवायला कोणता क्लेरिक धावत येईल? एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारे विझार्ड आणि ड्रुइडसुद्धा बक्षिसी घेऊन लोकांना पोचवत. प्रवासाला निघायचं म्हटलं तरी माणसाशी बोलावं लागे.

दोन्ही गेम एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे, तरी दोन्हीत कुणीच पूर्ण नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या अपुरेपणातून गिल्ड तयार होते. आपल्या मागच्या गेममध्ये एका अपडेटनंतर प्रत्येकाला सगळं करता यायला लागलं. त्यानंतर रात्री कोण कोण आलंय हे विचारणं बंद झालं, हे सगळ्यांनी पाहिलंय. भांडण कुणाचंच झालं नव्हतं. गरज संपली आणि लोक पांगले.

तर, पुढच्या गेममध्ये आपल्याला एकमेकांची गरज किती हवी आहे?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

बरोबर बोलूलालास की. मी सध्या अल्बियन खेळूलालो, शिफ्ट सुटल्यावर, मोबाइलवर. आमच्या फौंड्रीतली आणखी पोरं आहेत.

अल्बियनमध्ये पण क्लास नाही. हातात जे घेतलंस ते तू. कुऱ्हाड वापरलीस की कुऱ्हाडीची फेम (अनुभवाचे गुण) मिळते आणि डेस्टिनी बोर्डवर (स्किलच्या तक्त्यावर) पुढचं खुलतं. तसं बघायला गेलं तर एका माणसाला सगळा बोर्ड उघडता येतो, पण त्यात आयुष्य जाईल. म्हणून माणूस आपोआप एका कामाला चिकटतो.

खरी गंमत गेलेल्या मालात आहे. ब्लॅक झोनमध्ये, जिथे कुणीही कुणाला मारू शकतो, मेलास की अंगावरचं सगळं जातं. थोडं तुटतं, बाकीचं मारणारा उचलतो. आणि सगळी हत्यारं, चिलखतं खेळाडूंनीच बनवलेली. म्हणजे काल ज्याला तलवार दिली तो आज परत दारात. ज्या गेममध्ये माल जातच नाही तिथे क्राफ्टरला (वस्तू बनवणाऱ्याला) एकदा विचारतात आणि मग कुणी ओळख पण दाखवत नाही.

उद्यमबागेत एका कास्टिंगचा प्रवास बघ. पॅटर्नवाला वेगळा, मोल्डर वेगळा, फेटलिंगवाला वेगळा, तिथून माल मशीन शॉपला. मोल्डरने साचा नीट धरला नाही तर लेथवाला शिव्या घालतो, पण दोघांना एकमेकांचं नाव ठाऊक असतं. अल्बियनमध्ये तेच. मी धातू गाळतो. गेममधल्या थेटफर्ड शहरात खनिज गाळायला बोनस आहे, लाकडाला फोर्ट स्टर्लिंगला, म्हणून माल एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यावा लागतो. नेणारा वेगळा, त्याला वाटेत राखणारा वेगळा. आमच्या गिल्डमध्ये जो माल नेतो त्याला लढाई अजिबात जमत नाही, पण तो नसला की आमचा आठवडा बसतो.

खानापूरची_मलप्रभा

अनगोळकर, लेख चांगला आहे, पण "एकमेकांची गरज" हे तुम्ही फार सुंदर करून मांडलंय. ती गरज कुणाच्या अंगावर पडते हेही बघा.

मी वर्षानुवर्षं हीलर (सोबत्यांना बरं करणारी) खेळले आहे. प्रत्येक गिल्डमध्ये असंच होतं : व्हॉइस चॅटवर आवाज ऐकला, मुलगी आहे कळलं, की "ताई, तुम्ही हीलर घ्या ना." मला सुरुवातीला टँक (पुढे राहून मार झेलणारी) व्हायचं होतं. एव्हरक्वेस्टसारख्या गेममध्ये क्लास कायमचा, म्हणजे ही विनंतीसुद्धा कायमची. हीलर आला नाही तर वीस माणसांची रात्र वाया, त्यामुळे आजारी असतानाही "फक्त एक तास ये" असे मेसेज येतात. हरलो की पहिला प्रश्न हीलरला. जिंकलो की कौतुक शत्रूचं जास्त नुकसान करणाऱ्याचं, कारण त्याचा आकडा स्क्रीनवर वर दिसतो. त्या यादीत आमचं काम उमटतच नाही.

आणि हा फक्त आपल्याकडचा अनुभव नाही. गेम बनवणाऱ्यांनाही ते उघड दिसलंय. टँक आणि हीलर इतके कमी पडायला लागले की वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०११ मध्ये, ज्या भूमिकेची टंचाई असेल तिच्या खेळाडूला जादा बक्षीस द्यायला सुरुवात केली. फायनल फँटसी १४ मध्येही तसा बोनस आहे. एखाद्या भूमिकेला पैसे देऊन माणूस आणावा लागतो, याचा अर्थ त्या भूमिकेवर भार जास्त आणि मान कमी आहे.

फायनल फँटसीचा उपाय मला पटतो. २०१३ मध्ये नव्याने आलेल्या त्या गेममध्ये एकाच पात्रावर सगळे जॉब (तिथले क्लास) शिकता येतात. आज हीलर, उद्या टँक, परवा नुसतं मासेमारी किंवा सुतारकाम. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिथे माणसं पांगायला हवी होती. तसं झालं नाही. मी तिथे ज्यांच्याबरोबर खेळते त्यांच्यात नवख्याला शिकवायची चाल आहे, कारण टँकने स्वतः कधीतरी हीलर खेळलेला असतो. मी का घाबरले हे त्याला न सांगता कळतं.

खानापुरात पावसाळ्यात वीज गेली की मी मध्येच गायब होते. माझ्यावाचून सगळ्यांचं अडेल अशा गेममध्ये मला पुन्हा जायचं नाही.

निपाणीकर

मलप्रभाताईंचा मुद्दा मोलाचा आहे. मी थोडा जुना काळ सांगतो, आपल्याच भागातला.

रॅग्नारॉक ऑनलाइनचा भारतासाठीचा सर्व्हर दोन हजारच्या दशकात सुरू झाला तेव्हा मी शिकायला बेळगावात होतो. घरी इंटरनेट नव्हतं, म्हणून कॉलेज रोडजवळच्या एका कॅफेत तासावर पैसे देऊन खेळायचो. कॅफेत शहापूरची पोरं, कॅम्पातली पोरं, गोकाकहून शिकायला आलेली पोरं. गोकाकवाले आपसात कन्नड, आम्ही मराठी, आणि गेमचं बोलणं तिसऱ्याच खिचडीत.

रॅग्नारॉकमध्ये लेव्हल वाढली की स्टॅटचे गुण मिळत. ताकद, चपळाई, बुद्धी, नशीब, जिथे घातले तिथे कायमचे. चुकीचे घातले तर पात्र पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे नवा मुलगा गुण टाकण्याआधी खुर्ची मागे वळवून विचारायचा, "अण्णा, हे कुठे घालू?" उत्तर द्यायला चार जण उभे राहत. कुणाच्या शेजारी बसायचं हे त्या प्रश्नाने ठरे. नंतरच्या गेममध्ये दोन बटणं दाबली की सगळे गुण परत काढता यायला लागले. सोय झाली, आणि विचारायचं कारणही गेलं.

दुसरी गोष्ट मर्चंट क्लासची. त्याच्याकडे दुकान मांडायचं स्किल होतं आणि दुकानदाराकडून माल स्वस्तात घ्यायचं वेगळं स्किल. लढायला हा क्लास कच्चा. पण दुकान फक्त त्यालाच मांडता येई, म्हणून प्रोंटेरा शहराचे रस्ते बसलेल्या मर्चंटनी भरून जात. अख्ख्या शहराचं रूप एका स्किलमुळे तयार झालं होतं. आमच्या कॅफेत एक अबोल मुलगा होता, तो फक्त मर्चंट खेळायचा. कुठल्या रस्त्यावर कोणता माल काय भावाने चाललाय हे त्याला तोंडपाठ. पार्टीला निघण्याआधी सगळे त्याच्यापाशी जात. लढाईच्या गेममध्ये न लढणाऱ्या माणसाला एवढा मान मिळालेला मी परत पाहिला नाही.

मात्र तिथेही प्रीस्टची (मंत्रांनी सोबत्यांना मदत करणाऱ्या क्लासची) टंचाई होतीच. ब्लेसिंग आणि चपळाई वाढवणारा मंत्र सगळ्यांना हवा, प्रीस्ट व्हायला कुणी तयार नाही. शेवटी लोकांनी दुसऱ्या खात्यावर स्वतःचाच प्रीस्ट बनवून मागे उभा केला. ताई म्हणतात तो भार माणसाने झटकला आणि यंत्रावर टाकला.

गणेशपूरचा_पायलट

ईव्ह ऑनलाइनबद्दल (अंतराळातल्या जहाजांचा गेम) कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मी इंजिनिअरिंगला असल्यापासून तोच खेळतोय.

ईव्हमध्ये (मे २००३) स्किल खेळून वाढत नाही. घड्याळावर वाढते. स्किल रांगेत लावायची, लॉग आउट करायचं, झोपायचं, परीक्षा द्यायची, ती वाढत राहते. प्रत्येकीच्या पाच पायऱ्या आणि मोठ्या जहाजाच्या स्किलची शेवटची पायरी काही आठवडे घेते. ग्राइंड करून (तेच तेच पुन्हा खेळून) दुसऱ्याच्या पुढे जायचा मार्ग बरीच वर्षं बंदच होता. मग लॉग इन कशासाठी करायचं? माणसांसाठी. युद्ध, व्यापार, राजकारण, हेरगिरी, हे सगळं एवढं फुललं त्याला हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

लोक विचारतात, मग नवा माणूस जुन्याला कधी गाठणार? नुसत्या घड्याळावर, एकूण गुणांमध्ये कधीच नाही. पण एका लहान फ्रिगेटपुरती स्किल लवकर पूर्ण होते, आणि त्या एका बाबतीत तो दहा वर्षं जुन्या पायलटच्या बरोबरीला येतो. वर काम असं मिळतं की त्याच्यावाचून शिकार होत नाही. शत्रूच्या मोठ्या जहाजाला पळू न देणं, मागून आपले येईपर्यंत धरून ठेवणं. त्याचं जहाज बहुतेक वेळा फुटतं, पण ते स्वस्त असतं आणि कॉर्पोरेशन (तिथली गिल्ड) भरून देते. नवख्याला पहिल्या आठवड्यात खरं काम देणारी सिस्टीम मला तरी दुसरीकडे दिसली नाही. लेव्हलच्या गेममध्ये आपला मित्र साठाव्या लेव्हलला आणि आपण चौथ्या, मग दोघं एकाच सर्व्हरवर असून महिनोन्महिने भेटत नाहीत.

फेब्रुवारी २०१६ मध्ये इंजेक्टर आले. एकाच्या डोक्यातले ५,००,००० गुण काढायचे, बाजारात विकायचे, दुसऱ्याने टोचून घ्यायचे. ज्याच्याकडे आधीच खूप आहेत त्याला त्यातले कमी मिळतात, एवढी काळजी घेतली आहे. तरीही जुना पायलट म्हणजे काळ काढलेला माणूस, हा जो समज होता तो तिथून सैल झाला. ज्याच्याकडे पैसा तो आज आला तरी उद्या मोठं जहाज चालवतो. ते चालवायचं कसं हे शिकायला मात्र त्याला माणूस लागतोच.

आणखी एक जुना नमुना : अ‍ॅशरॉन्स कॉल, १९९९. तिथे नवा खेळाडू एखाद्या जुन्याला आपला पेट्रन (गुरू) मानत असे. शिष्याने जो अनुभव कमावला त्याच्या जोरावर पेट्रनलाही वरचा वाटा मिळे, आणि तो किती हे दोघांच्या लॉयल्टी आणि लीडरशिप या स्किलवर अवलंबून. एकनिष्ठा हे चक्क स्किल! त्यामुळे जुने लोक नवख्यांना शोधत फिरत, हत्यारं देत. काहींनी नुसत्या शिष्यांच्या साखळ्या जमवल्या हेही खरं. तो गेम जानेवारी २०१७ मध्ये बंद झाला.

येळ्ळूरकर

सगळं वाचलं. माझा विरोध आहे.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक, म्हणजे त्या गेमची सुरुवातीची आवृत्ती पुन्हा, ऑगस्ट २०१९ मध्ये आला. क्लास जुने, टॅलेंटची झाडं (क्लासमधल्या खास क्षमतांचे तक्ते) जुनी, टॅलेंट बदलायला वाढत जाणारं सोनं मोजायचं तेही तसंच. २००४-०५ च्या काळात लोक मोल्टन कोर या रेडमध्ये (मोठ्या गटाच्या मोहिमेत) महिनोन्महिने धडपडले होते. २०१९ मध्ये तो पहिल्याच आठवड्यात संपवला गेला. पुढे तर रेडला जाण्याआधी गेमच्या जगभर फिरून बफ (तात्पुरती ताकद वाढवणारे मंत्र) गोळा करायचे, आणि लॉगमधले (लढाईच्या नोंदीतले) आकडे दाखवल्याशिवाय कित्येक गिल्ड दारात उभं करत नव्हत्या. स्किलचे नियम तेच, माणसं वेगळी वागली. मग नियम समाज घडवतात हे कसं म्हणायचं?

लोकांना आता उत्तर आधीच माहीत असतं. बिल्ड (गुण कुठे घालायचे याचा आराखडा) विकीवर तयार आहे. कोणी "अण्णा, कुठे घालू" असं विचारणार नाही, गुण कायमचे असले तरी. निपाणीकरांच्या कॅफेत ते घडलं कारण शेजारची खुर्ची हीच विकी होती.

अनगोळकर

येळ्ळूरकर, हा मुद्दा मान्य, आणि तो माझ्या मांडणीत नव्हता. नियम जिथे पडतात ती जमीनही मोजायला हवी. पण तुमच्याच उदाहरणात उलटी बाजू आहे. डिसेंबर २००९ मध्ये मूळ वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये डंजन फाइंडर आला. बटण दाबा, चार अनोळखी माणसं आपोआप जोडली जातात, काम संपलं की पांगतात, आणि तीही वेगवेगळ्या सर्व्हरवरची. क्लास तेच राहिले, टँक आणि हीलर लागतच होते. गरज शिल्लक होती, फक्त ती ओळखीच्या माणसाकडून भागवायची राहिली नाही. वाईट वागलेला माणूस परत भेटणारच नाही म्हटल्यावर त्याच्या नावाला काय किंमत? म्हणून माझं वाक्य दुरुस्त करतो : नुसतं अपुरेपण पुरत नाही, त्याच माणसाशी पुन्हा गाठ पडायला हवी.

आता स्टार वॉर्स गॅलक्सीजबद्दल सविस्तर लिहितो, कारण मलप्रभाताई आणि येळ्ळूरकर दोघांचे प्रश्न त्यात आहेत.

हा गेम जून २००३ मध्ये आला. अल्टिमाचा मुख्य डिझायनर राफ कोस्टर इथे क्रिएटिव्ह डायरेक्टर होता. प्रत्येकाला २५० स्किल पॉइंट, ते तीसहून जास्त व्यवसायांत हवे तसे वाटायचे. नको झालं तर सोडून दुसरं शिकता येई, पण मेहनत नव्याने. लढाई केली की अंगात थकवा साचत जाई आणि तो औषधाने उतरत नसे. त्यासाठी कँटिनात (गेममधल्या मद्यालयात) जाऊन नर्तकाचा नाच पाहावा लागे, वादकाचं वाजवणं ऐकावं लागे. म्हणजे शस्त्रं परजून फिरणारे लोक काही मिनिटं एका जागी नुसते बसून राहत. बसले की बोलत. कुणाला डॉक्टर हवा, कुणाला चिलखत बनवणारा, सगळ्यांची गाठ तिथे पडे. ताई, तुम्ही म्हणता तो मान इथे होता. नर्तकाचं काम पडद्यामागे नव्हतं, अख्खी खोली त्याच्याकडे बघत असे.

कारागिरांचंही तसंच. जमिनीतल्या धातूंचा दर्जा सतत बदले. आज एका ग्रहावर उत्तम तांबं लागलं, काही दिवसांत ते संपून गेलं, पुन्हा तसं कधी मिळेल सांगता येत नाही. म्हणून ज्याने तेव्हा साठा केला त्याच्या हत्यारांना वेगळा भाव. विकीत कृती सापडेल, पण ते तांबं सापडणार नाही. येळ्ळूरकर, माहिती सगळ्यांकडे असूनही कारागीर एकसारखे होऊ नयेत, याचा हा एक चांगला मार्ग आहे.

मग जेडाय, म्हणजे स्टार वॉर्समधला महायोद्धा, आला. जेडाय कसं व्हायचं हे सुरुवातीला गुपित होतं. पुढे कळलं की ठरावीक व्यवसाय पूर्ण केले की दार उघडतं. त्याबरोबर लोकांनी आवडीचा व्यवसाय सोडला आणि एकेक व्यवसाय भराभर उरकायला घेतला. नाच शिकायचा म्हणून मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लावून पात्र रात्रभर नाचत ठेवायचं आणि आपण झोपायचं. कँटिनात गर्दी पूर्वीइतकीच, नमस्कार केला तर उत्तर द्यायला कुणी नाही. एक बक्षीस सगळ्या स्किलच्या वर ठेवलं आणि खालच्या सगळ्या स्किल नुसत्या पायऱ्या होऊन बसल्या. माझ्या दृष्टीने तो गेम तिथेच पोखरला गेला.

नोव्हेंबर २००५ चा मोठा बदल हा दुसरा घाव. सगळे व्यवसाय काढून नऊ तयार क्लास दिले आणि जेडाय पहिल्या दिवसापासून निवडता येऊ लागला. प्राणी पाळून त्यांना शिकवणारे खेळाडू एका सकाळी उठले तर त्यांचा व्यवसायच नव्हता. खूप लोक सोडून गेले. १५ डिसेंबर २०११ ला गेम बंद झाला, तरी जुन्या नियमांचे सर्व्हर चाहते आजही स्वतः चालवतात. चाहत्यांनी एवढ्या कष्टाने परत उभी केली ती गोष्ट म्हणजे ती जुनी व्यवसायांची व्यवस्था.

चिकोडी९९

सगळे दादा, ताई मोठं लिहूलालेत, मी ओल्ड स्कूल रूनस्केपचं थोडं लिहितो. मोबाइलवर २०१८ पासून आहे, नेट कमी लागतं, आमच्याकडे बरं चालतं.

इथे क्लास नाही, मर्यादा पण नाही. सगळी स्किल ९९ पर्यंत. म्हणजे अनगोळकर दादांच्या हिशोबाने इथे समाज नसायला पाहिजे. पण ९९ साठी १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि ९२ ला पोचलं की कुठे निम्मे होतात. ९९ झाला की त्या स्किलचा केप (पाठीवरचा झगा) मिळतो. बाजारात तो घालून उभं राहिलं की अनोळखी माणूस पण "किती दिवस लागले रे" विचारतो. इतका वेळ कुणी दिलाय हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून मान आहे.

लाकूडतोडीचं बघा. आधी एका झाडाला दोघं आले की भांडण, कारण लाकूड एकाला मिळून झाड पडायचं. २०२३ मध्ये फॉरेस्ट्री आलं. आता एकाच झाडाला जास्त जण लागले तर प्रत्येकाचं स्किल थोडं वाढल्यासारखं धरतात, दहा जणांपर्यंत, आणि झाड वेळ संपल्यावर पडतं. तेव्हापासून माणूस दुसऱ्याच्या झाडाकडे चालत येतो आणि कुणी हाकलत नाही. मी तिथेच बसून अथणीच्या एकाशी ओळख केली.

आयर्नमॅन पण आहे. त्यात कुणाशी व्यापार करायचा नाही, सगळं स्वतः मिळवायचं. मी तोच खेळतो. मला एकट्यानं करायला आवडतं, पण क्लॅनमध्ये रोज बोलतो. वस्तूंची गरज नसली म्हणून बोलायची गरज संपत नाही. आणि नवीन काही आणायचं तर आधी खेळाडूंचं मतदान होतं, सेलिंग स्किल तसंच आलं. आधी लोकांनी नको म्हटलं होतं.

निपाणीकर

चिकोडी९९, झाडाचं उदाहरण या धाग्यातलं मला सगळ्यात आवडलं. माणसं तीच, झाड तेच, विकीही तीच. एक नियम बदलला आणि हाकलणारे लोक शेजारी बसू द्यायला लागले. येळ्ळूरकरांनी यावर लिहावं.

येळ्ळूरकर

लिहितो. यावर माझ्याकडे उत्तर नाही, उदाहरण पक्कं आहे. क्लासिकबद्दल मात्र मी ठाम आहे. मोठ्या स्पर्धेत, जिथे आकडे बाहेर दिसतात, तिथे नियमांपेक्षा आकडेच राज्य करतात. आपल्या गिल्डमध्ये लॉग लावून माणूस निवडायचा नाही, एवढं आधी ठरवा.

खानापूरची_मलप्रभा

त्याला माझा पाठिंबा, आणि माझी अट त्याच्याशेजारी लिहून ठेवा : हीलरची पाळी असेल. एकाच व्यक्तीवर दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही, आणि हरल्यावर पहिला प्रश्न हीलरला विचारायचा नाही.

उद्यमबागवाले दादा, अल्बियनमध्ये हे जमेल का?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

जमतंय की ताई. होली स्टाफ नाहीतर नेचर स्टाफ (जादूची काठी) हातात घेतला की हीलर, ठेवला की नाही. फक्त स्टाफची फेम मिळवायला लागते, ती दोन-चार जणांनी आत्तापासून घ्यायची. तुम्हाला टँक व्हायचं होतं ना? गदा मी गाळतो त्याच धातूची बनते. पहिली माझ्याकडून.

वीज गेली तर मोबाइलवर या. आशिया सर्व्हरवर पिंग पण ठीक आहे.

संकेश्वरकर

नुसतं वाचत होतो, आता एक विचारतो. माझ्याबरोबर हुक्केरीचा एक मित्र येईल. त्याला मराठी सगळं कळतं, बोलताना कन्नड येतं. लढाई चालू असताना तो मराठीत सांगायला गेला तर अडखळतो. चालेल काय?

निपाणीकर

चालेल. लढाईत "मागे", "पुढे", "हील" असे चार-पाच शब्दच लागतात, ते दोन्ही भाषांत ठरवून घेऊ. तो काय खेळतो ते सांगा.

संकेश्वरकर

माल वाहून न्यायला आवडतं त्याला. लढत नाही.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

आजच आण त्याला.

अनगोळकर

मग अल्बियन ठरलं. पायलट ईव्हमध्येच राहणार, चिकोडी९९ दोन्हीकडे. गिल्डचे नियम मी मराठी आणि कन्नडमध्ये वेगळ्या धाग्यावर टाकतो. त्यात हीलरची पाळी आणि लॉग न वापरण्याचा नियम सर्वांत वर असेल. कोण कोणतं स्किल धरणार ते इथेच खाली लिहा, म्हणजे दोघांनी एकच काम घ्यायला नको. गाळणारा झाला, माल नेणारा झाला, टँक झाली. चामडं कमावणारं अजून कुणी नाही.